पिवळे पान काढावे का?

तुमच्या परसात किंवा खिडकीत एखादे तरी झाड असेलच. तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेली मिरची, विहिरीजवळची जास्वंद, दारातला माड. यापैकी कोणत्याही झाडाकडे रोज लक्ष ठेवणाऱ्याला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. खालचे एक पान पिवळे पडले आहे. ते खुडून टाकावे की राहू द्यावे?

घरात याची दोन उत्तरे मिळतात. एक जण म्हणतो, “काढून टाक. ते आता कामाचे नाही. उगीच झाडाचे अन्न खाते आणि बाकीच्या पानांनाही रोग लावते.” दुसरा म्हणतो, “राहू दे. पिकले की आपोआप पडेल.” दोघेही अनुभवाने बोलतात. पण दोघांचे म्हणणे एकाच वेळी खरे कसे असेल? तेव्हा हा प्रश्न आपण थोडा पद्धतशीरपणे सोडवू या. त्यासाठी उदाहरण घेऊ रेडी गावाचे.

रेडी हे वेंगुर्ले तालुक्यातले किनाऱ्यावरचे गाव. गावाची वेस ओलांडली की गोव्याची हद्द. इथली माती तांबडी, खाली जांभा दगड. इथल्या लोहखनिजाच्या खाणींमुळे गावाचे नाव दूरवर माहीत झाले. असल्या लोहाने भरलेल्या मातीत माडाची पाने पिवळी का पडावीत, हे कोडे पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

पान पिवळे दिसते म्हणजे काय होते?

पानाच्या पेशींत हरितलवके नावाचे अतिसूक्ष्म कण असतात. त्यांत हरितद्रव्य असते आणि त्याच्या जोडीला कॅरोटिनॉइड गटातली पिवळी-नारिंगी द्रव्येही असतात. हरितद्रव्य सूर्यप्रकाशातला निळा आणि तांबडा भाग शोषून घेते. हिरवा भाग त्यामानाने कमी शोषला जातो आणि तोच परावर्तित होऊन आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. पिवळी द्रव्ये मात्र मुख्यतः निळा प्रकाश शोषतात.

आता समजा, हरितद्रव्य नाहीसे झाले आणि पिवळी द्रव्ये तशीच राहिली. मग काय होईल? निळा प्रकाश शोषला जाईल, पण हिरव्याबरोबर तांबडाही परत येऊ लागेल. हिरवा आणि तांबडा प्रकाश एकत्र डोळ्यात शिरला की आपल्याला पिवळा रंग दिसतो. म्हणजे पान पिवळे ‘होते’ असे आपण म्हणतो खरे, पण तो पिवळेपणा बहुतांशी पानात आधीपासूनच होता. हिरवा पडदा दूर झाला, एवढेच.

याची खात्री तुम्ही एका क्षणात करू शकता. तांबड्या रंगाचा पारदर्शक जिलेटिन कागद डोळ्यांसमोर धरा आणि एक हिरवे व एक पिवळे पान उन्हात शेजारी ठेवून पाहा. हिरवे पान काळपट दिसेल आणि पिवळे पान उजळ. कारण तांबडा प्रकाश हिरव्या पानाने गिळला आहे, पिवळ्याने परत केला आहे.

घर सोडण्यापूर्वीची आवराआवर

हरितद्रव्य नाहीसे होते तरी का? झाड ते मुद्दाम मोडून टाकते. पान म्हातारे झाले, किंवा वरच्या पानांच्या सावलीत सापडले, की त्याची मोडणी सुरू होते. ही मोडणी म्हणजे कुजणे नव्हे. ती जिवंत पेशींनी शिस्तीने केलेली आवराआवर असते.

पानातल्या नत्रापैकी सुमारे तीन-चतुर्थांश नत्र हरितलवकांत असतो. तो मुख्यतः तिथल्या प्रथिनांत असतो, हरितद्रव्यात त्याचा अगदी थोडा वाटा असतो. झाडाला ही प्रथिने परत हवी असतात. ती मोडून त्यांची लहान लहान अमिनो आम्ले होतात आणि परिकाष्ठ नावाच्या वाहिन्यांतून देठावाटे खोडाकडे, तिथून नव्या पानांकडे, फुलांकडे आणि बियांकडे जातात. त्यांच्याबरोबर स्फुरद, पालाश आणि काही प्रमाणात मॅग्नेशियमही निघून जाते.

मग हरितद्रव्य मोडण्याची गरज काय? इथे एक गंमत आहे. हरितद्रव्य प्रथिनांत नीट बसवलेले असते, तोवर त्याने शोषलेली ऊर्जा पुढच्या कामाला लागते. प्रथिने निघून गेली आणि हरितद्रव्य तसेच मोकळे राहिले, तर ते प्रकाश शोषत राहील, पण ती ऊर्जा द्यायची कोणाला? ती जवळच्या ऑक्सिजनला मिळाली तर त्याचे पेशींना जाळणारे उग्र रूप तयार होते. घर आवरताना विजेच्या उघड्या तारा आधी सुरक्षित कराव्यात, तसे झाड आधी हरितद्रव्य निरुपद्रवी करून टाकते. म्हणून आपल्याला दिसणारा पिवळा रंग हा ‘आत सामान हलवणे चालू आहे’ अशी पाटी आहे.

नैसर्गिकरीत्या गळणारे पान आपल्यातला साधारण अर्धा नत्र झाडाला परत करून मग गळते. देठाच्या बुंध्याशी पेशींचा एक पातळ थर असतो. पान तरुण असताना पात्याकडून ऑक्सिन हे संप्रेरक सतत देठाकडे येत असते आणि हा थर घट्ट राहतो. पान म्हातारे झाले की ऑक्सिन कमी पडते, एथिलीन या वायुरूप संप्रेरकाचा प्रभाव वाढतो, थरातल्या पेशी एकमेकींपासून सुटतात आणि पान गळते. मागे राहिलेली जागा झाडाने बुचासारख्या पेशींनी बंद केलेली असते.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो. अर्धवट पिवळे पान आपण खुडले, तर सामान हलवणे चालू असतानाच घर पाडल्यासारखे होते. जे परत जायचे ते आपल्या हातात राहते. शिवाय थर तयार नसताना ओढलेले पान सालीची चीर घेऊन निघते. पावसाळ्याच्या ओल्या हवेत अशी उघडी जखम म्हणजे बुरशीला आणि जिवाणूंना आमंत्रणच. पिवळे पान बोटाने हळूच टेकताच निघाले तर खुशाल घ्या. ओढावे लागत असेल तर त्याची वेळ झालेली नाही.

पिवळे पान अन्न खाते का?

आता “उगीच अन्न खाते” या आक्षेपाचा विचार करू. कोवळे, अर्धवट उमललेले पान खरोखरच दुसऱ्या पानांची साखर आयात करते. पण पान पूर्ण वाढले की त्याचा व्यवहार एकाच दिशेने चालतो. ते साखर बाहेर पाठवते, आत घेत नाही. पुढे ते सावलीत पडले आणि स्वतःच्या श्वसनापुरतीही साखर तयार करू शकेनासे झाले, तरी बाकीची पाने त्याला पोसत बसत नाहीत. ते पिवळे पडून गळते. म्हणजे पिकलेले पान हा झाडावरचा फुकट खाणारा पाहुणा नसतो. पाहुणा म्हटलेच तर तो जाताना घरात काही ठेवून जाणारा आहे.

खालचे पान की शेंड्याचे?

इथपर्यंत आपण वयाने पिकणाऱ्या पानाबद्दल बोललो. पण झाड उपाशी असले तरी पाने पिवळी पडतात. तेव्हा नुसते ‘पिवळे आहे’ एवढे पाहून भागत नाही. ‘कोणते’ पान पिवळे आहे हे पाहावे लागते.

नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडात एका पानातून दुसऱ्या पानात जाऊ शकतात. मातीतून ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून ती काढून नव्या पानांना देते. साहजिकच पिवळेपणा आधी खालच्या, जुन्या पानांवर दिसतो. लोह आणि कॅल्शियम यांचे तसे नाही. ती एकदा जिथे बसली तिथून सहसा हलत नाहीत. त्यामुळे त्यांची उणीव आधी शेंड्याच्या कोवळ्या पानांवर दिसते.

आता रेडीचे कोडे घ्या. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. हजारो वर्षे असा पाऊस मुरत राहिल्याने मातीतली विरघळणारी द्रव्ये, म्हणजे पालाश, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची संयुगे, वाहून जातात आणि लोहाची व ॲल्युमिनियमची न विरघळणारी ऑक्साइडे मागे उरतात. जांभा तयार होतो तो असाच. माती आम्लधर्मी बनते आणि आम्लधर्मी मातीत लोह मुळांना सहज मिळते. म्हणजे रेडीच्या जमिनीत भूक असेल तर ती लोहाची असण्याचा संभव फार कमी. ती पालाशची आणि मॅग्नेशियमची असणार, आणि ती दिसणार खालच्या पानांवर. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो, हे लक्षात घेतले की मॅग्नेशियमवाचून पान पिवळे का पडते ते सांगायला नको.

घाटावर याच्या उलट स्थिती दिसते. पश्चिम महाराष्ट्रातल्या कित्येक काळ्या जमिनींत चुनखडी भरपूर असते. अशा जमिनीत लोह असूनही ते विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. तिथे उसाची कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात. शेतकरी याला ‘केवडा’ म्हणतात आणि हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फवारतात. रेडीच्या माडावर हिराकस फवारून काय साधणार? दोन्हीकडे रंग पिवळाच, पण दुखणे वेगळे.

डब्यातल्या मिरचीसाठी आणखी एक कारण ध्यानात ठेवा. डब्याच्या तळाला भोक नसेल तर पावसाचे पाणी साचते. पाण्यातून ऑक्सिजन पसरतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश. मुळे गुदमरतात, माती सकस असूनही काही शोषू शकत नाहीत आणि पाने पिवळी पडतात. इथे उपाय खताचा नाही, खिळ्याने दोन भोके पाडण्याचा आहे.

माडाचा हिशोब

या विषयाकडे माझे लक्ष गेले ते एका चुकीमुळे. रेडीला आमच्या एका नातेवाइकांच्या घरी विहिरीजवळ एक जुना माड होता. त्याची खालची चुडते पिवळी दिसायची. चतुर्थीपूर्वी घर-अंगण स्वच्छ दिसावे म्हणून पाडेली नारळ काढायला चढला की “ती सगळी पिवळी चुडतेही उतरव” असे सांगण्यात मीच पुढे असे. माड तेवढ्यापुरता टवटवीत दिसे. पण काही महिन्यांनी त्याच्या वरची चुडते पिवळी होत. आम्ही तीही काढत असू. तीन-चार वर्षांत शेंडा केरसुणीसारखा बारीक झाला आणि नारळ निम्म्याहून कमी धरू लागले.

काय चुकले ते आकड्यांनी पाहू. निरोगी, वाढलेल्या माडाच्या शेंड्यात साधारण ३० ते ३५ पाने असतात. साधारण महिन्याला एक, म्हणजे वर्षाला १२ नवी पाने येतात. म्हणून प्रत्येक पान अडीच ते तीन वर्षे टिकते. समजा, शेंड्यात ३४ पाने आहेत आणि वर्षाला १२ येत असताना एकंदर १८ जात आहेत. दरवर्षी ६ पानांची तूट. तीन वर्षांनी उरतील ३४ − १८ = १६ पाने. शिवाय माडाच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक पोय येते. पाने कमी आणि त्यांनी केलेले अन्नही कमी, मग पोय भरणार कशी?

पण नुसत्या तुटीहून मोठी गोष्ट पुढे आहे. माडाला पालाश कमी पडला की जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके येतात आणि पातींची टोके करपतात. मॅग्नेशियम कमी पडले तर पातीच्या कडा रुंद पिवळ्या होतात आणि मधला भाग हिरवा राहतो. अशी पाने म्हणजे माडाची गंगाजळी असते. नव्या पानांसाठी माड त्यांतूनच उचल करत असतो. ती पाने आपण कापली की माड त्याच्या वरच्या पानांतून उचल करू लागतो आणि पिवळेपणा एकेक पायरी वर चढतो. ताडकुळातल्या झाडांवर झालेल्या अभ्यासातूनही हेच दिसले आहे. पालाशची उणीव असताना जुनी पाने छाटत राहिले तर झाडाचा ऱ्हास लवकर होतो.

म्हणजे आम्ही दरवर्षी माडाची बचत काढून घेत होतो आणि त्याने दाखवलेली तक्रारही पुसून टाकत होतो. पिवळी पाने दिसत राहिली असती तर कोणी तरी मातीचा विचार केला असता. पुढे मातीची तपासणी करून आळ्यात शेणखत, पालाश आणि मॅग्नेशियम सल्फेट दिले आणि पूर्ण वाळून लोंबणारी चुडतेच तेवढी काढायची असे ठरवले. झालेले पिवळे पान पुन्हा हिरवे होत नाही. नवी पाने नीट येऊन शेंडा भरायला दोन-अडीच वर्षे लागतात, हे वरच्या हिशोबावरून तुम्हीच सांगू शकाल. चुलीची राख माडाच्या आळ्यात टाकण्याची जुनी रीतही इथे आठवते. लाकडाच्या राखेत पालाश असतो.

मग काढायचे केव्हा?

काढूच नये, असा याचा अर्थ नाही. दुखणे पानापासून पानाकडे पसरणारे असेल तर नियम उलटतो.

‘केवडा’ हाच शब्द घ्या. उसावर केवडा म्हणतात तो लोहाच्या उणिवेला. काकडीवर केवडा म्हणतात तो बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाच्या रोगाला. त्यात पानावर वरून पिवळे कोनदार डाग आणि खालून बुरशीची लव दिसते. भेंडीवर केवडा किंवा हळद्या म्हणतात तो विषाणूच्या रोगाला. लोकांनी नाव रंगावरून दिले, आणि रंग तर तिन्हीकडे केवड्याच्या फुलासारखाच. पण उपाय तीन निराळे. उसाला लोह द्यायचे. काकडीची डागाळलेली पाने सुरुवातीलाच काढून दूर नेऊन नष्ट करायची. भेंडीचे मात्र पान काढून काहीच उपयोग नाही, कारण विषाणू सबंध झाडात असतो. पांढरी माशी तो शेजारच्या झाडांवर नेते, म्हणून ते झाडच उपटावे. उसात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर भेंडीत शिरा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी घोटाळा होणार नाही.

माडाच्या बाबतीत धोक्याची खूण म्हणजे अगदी मधले, नुकते उमलणारे पान पिवळे पडून कोमेजणे आणि ओढताच सहज हातात येणे. हा पावसाळ्यात येणारा कोंब कुजण्याचा रोग असू शकतो. माडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो गेला की माड गेला. तिथे थांबून न राहता लगेच जाणकाराला दाखवावे. कुजलेला भाग काढून त्यावर बोर्डो मिश्रण लावतात. कोकणातल्या मुलांना अशा सल्ल्यासाठी रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळ संशोधन केंद्र आहे आणि १९७२ साली स्थापन झालेले दापोलीचे कृषी विद्यापीठ आहे.

शिवाय मातीला टेकलेली, डागाळलेली मिरचीची खालची पाने पावसाळ्यात काढणे बरे. पावसाच्या थेंबांबरोबर उडालेल्या चिखलातून रोग त्यांच्यावर आधी चढतो. पूर्ण वाळलेले पान केव्हाही काढा. त्यातून परत जाण्यासारखे काही उरलेले नसते. ते रोगट नसेल तर त्याच झाडाच्या बुंध्याशी पसरा, म्हणजे राहिलेली द्रव्येही मातीत परत जातील.

करून पाहा

१. जास्वंदीच्या एकाच फांदीवरची सारख्या वयाची सहा पाने निवडा. तीन पानांची पाती कात्रीने कापून फक्त देठ ठेवा. तीन तशीच राहू द्या. कोणते देठ कोणत्या दिवशी गळतात ते लिहा. ऑक्सिन कुठून येत होते?

२. एक हिरवे आणि एक पिवळे पान वेगवेगळे बारीक चिरून, थोड्या स्पिरिटमध्ये चेचून दोन वाट्यांत ठेवा. प्रत्येकीत टिपकागदाची पट्टी उभी करा. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळपास दिवा किंवा चूल नसावी आणि शिक्षक शेजारी असावेत. हिरव्या पानाच्या पट्टीवर पिवळा रंगही वेगळा दिसतो का? पट्टे फार रेखीव नसतील, पण पडदा आणि पडद्यामागचा रंग दोन्ही ओळखू येतील.

३. शाळेत मिरचीची दहा सारखी रोपे डब्यांत लावा. पाच रोपांची पाने पिवळी पडू लागताच खुडा. पाचांची आपोआप गळू द्या. पाणी, ऊन आणि माती सारखी ठेवा. नवी पाने, फुले आणि मिरच्या मोजा. एकाच रोपावरून निष्कर्ष का काढू नये, यावर वर्गात चर्चा करा.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी पिवळ्या पानाकडे हात जाईल तेव्हा खुडण्याआधी तीन प्रश्न विचारा. पान खालचे आहे की शेंड्याचे? पिवळेपणा सारखा पसरलेला आहे, की डाग आणि शिरांच्या रूपात आहे? आणि पान हलक्या हाताने सुटते की धरून बसते? खालचे, सारखे पिवळे, अजून धरून बसलेले पान असेल तर ते राहू द्या. एकामागून एक खालची पाने पिवळी पडत असतील तर हात पानाला न लावता मातीला लावा.